भटिंड्याहून विट्याला जुनी टाटामोबाइल: चालवत आणू की ट्रकवर घालून?

मूस-चिमटा | ९ जानेवारी

मंडळी, रामराम.

मी खानापूर तालुक्यातला, विट्याजवळच्या गावचा. आमच्या भागातल्या निम्म्या घरांची जी गोष्ट तीच माझी. पाऊस नाही, रानात काही नाही, म्हणून गलाईच्या धंद्यात शिरायचं आणि सोनं-चांदी गाळत मुलूखभर पांगायचं. कोणी केरळात, कोणी आसामात, मी भटिंड्यात. २००० साली आलो. आता थोरल्या भावाचे गुडघे गेलेत, पोरगा पुण्यात नोकरीला लागलाय, आणि रानात लावलेलं डाळिंब बघायला घरचं माणूस नाही. म्हणून मार्च-एप्रिलपर्यंत दुकान आवरून कायमचं गावी यायचं ठरलंय. घरचं सामान एका टेम्पोत मावेल. घोडं अडलंय ते गाडीपाशी.

गाडी टाटामोबाइल २०६, १९९५ ची. नव्या पोरांना माहीत नसेल. टाटांनी १९८८ साली हा पिकअप काढला, आणि पुढं सिएरा (१९९१) आणि इस्टेट (१९९२) याच गाडीच्या हाडांवर उभ्या राहिल्या. मी ही २००४ मध्ये एका आडत्याकडून घेतली. पाटी पांढरी, खासगी पासिंग, पीबी ०३.

भटिंड्यापासून मंडी डबवाली चाळीसएक किलोमीटर. जुन्या जीपा नव्यानं घडवणारं गाव म्हणून ते देशभर ठाऊक आहे. २००८ मध्ये माझं इंजिन धूर ओकायला लागलं तेव्हा तिथल्या एका मिस्त्रीनं भंगारातल्या सिएरा टर्बोचं इंजिन आणून बसवलं. दोन्ही १९४८ सीसीची, एकाच घराण्यातली, त्यामुळं फार कापाकापी झाली नाही. पण एकदा हात लागला की थांबवत नाही. सुमोचं पॉवर स्टिअरिंग घातलं. मागं स्प्रिंगचे दोन पाटे वाढवले. टायर मोठे केले. पुढं लोखंडी बंपर, टपावर करिअर, आणि हौदा तर सगळाच नवा, जाड पत्र्याचा. त्याचं मागचं दार, म्हणजे फाळका, एवढा जड की एकट्यानं उचलला तर दोन दिवस कंबर धरते. डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात वितभर पांढरट डाग आहे, रंग उडून पत्रा खरबरीत झालेला. २०११ साली नायट्रिकची बाटली तिथं कलंडली होती. आमच्या मंडळींनी त्या डागाला नाव ठेवलंय, ते इथं लिहीत नाही.

आता हिशोब. विट्यापर्यंत दोन हजार किलोमीटरच्या आसपास. लिटरला बारा पकडले तरी डिझेलचे पंधरा हजार, टोल वेगळा, चार मुक्काम, म्हणजे चोवीस-पंचवीस हजार. बंद कंटेनरमधून गाड्या नेणाऱ्या एका कंपनीनं आधी ३८ हजार सांगितले. फोटो पाठवल्यावर ४६ झाले, आणि वर "उंची जास्त आहे, वरच्या मजल्यावर बसणार नाही, खालची जागा मिळेल तेव्हा कळवू". गाडी थेट जाणार नाही म्हणे. गुडगावच्या आवारात उतरवतील आणि मग पुण्याच्या गाडीत चढवतील.

मला वाटतं चालवत यावं. आमच्या मंडळींचं म्हणणं, "गाडीनं यायचं असेल तर तुम्ही या, मी रेल्वेनं आधी पोचून पाणी तापवून ठेवते." कोणी अशी गाडी एवढ्या लांब नेली असेल तर सांगा.

ऊसपाचट | ९ जानेवारी

विका हो. त्या पैशात इथं सेकंड हॅन्ड बोलेरो पिकअप बघा. एकतीस वर्षांची गाडी दोन हजार किलोमीटर आणायची म्हणजे आजारी म्हशीला काशीयात्रा.

मूस-चिमटा | ९ जानेवारी

ऊसपाचट, भाव काढून झाला. इथला भंगारवाला किलोवर घेतो म्हणाला. त्याच्या काट्यावर एकदा चढवलीही होती, चढताना बंद पडली नाही म्हणून तोच नाराज झाला.

इंदूरकरीण | १० जानेवारी

भाऊ, आम्ही इंदूरचे मराठी, त्यामुळे तुमच्या वाटेवरच राहतो. यायचं ठरलं तर रस्त्यापुरतं सांगते.

भटिंडा, डबवाली, सिरसा, फतेहाबाद, हिसार हा पहिला तुकडा. हिसारला राष्ट्रीय महामार्ग ५२ लागेल. तो धरला की सोलापूरपर्यंत सोडूच नका. संगरूरपासून कर्नाटकातल्या अंकोल्यापर्यंत हा एकच नंबर जातो. सीकर, जयपूर, टोंक, बुंदी, कोटा, झालावाड, ब्यावरा, देवास, इंदूर, सेंधवा, धुळे, संभाजीनगर, बीड, सोलापूर. तिथून पंढरपूर-आटपाडी करून विटा. एक मोठा फायदा म्हणजे दिल्लीच्या वाऱ्यालाही उभं राहावं लागत नाही.

जपायच्या जागा चार. कोटा आणि झालावाडच्या मध्ये दऱ्याची नाळ, मुकुंदऱ्याच्या डोंगरातली. अरुंद आहे, एक ट्रक बंद पडला की तीन-तीन तास सगळे उभे. इंदूर सोडल्यावर मानपूरपासून नर्मदेच्या खोऱ्यात उतरायचं, ते उतार लांबलचक. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाट, तोही तुम्हाला उताराचाच, आणि पुढचा ट्रक ब्रेक तापवत चाललेला असतो त्याचा वास काचा बंद असल्या तरी येतो. दोन्ही उतारांवर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, ब्रेकवर उभे राहू नका. चौथी जागा चाळीसगाव ते कन्नड, औट्रम घाट. तो मात्र तुम्हाला चढायचा आहे.

जानेवारीत येऊ नका. हरयाणा आणि राजस्थानातल्या शेखावाटीत सकाळी नऊपर्यंत धुकं असतं, त्यात जुन्या गाडीचे दिवे म्हणजे देवघरातली निरांजनं. इंदूरला मुक्काम करा, पोहे आमच्याकडे.

पाना-सतरा | १० जानेवारी

कराडला गॅरेज आहे, तीस वर्षं टाटाच्या गाड्या उघडतोय. दादा, तीनच गोष्टी सांगा, मग बोलतो.

गाडी रोज किती चालते? टर्बो इंजिन बसवलं तेव्हा रेडिएटर बदलला का? टायर मोठे केले, ब्रेकचं काय केलं?

मूस-चिमटा | १० जानेवारी

रोज घर ते सराफा बाजार, येऊन-जाऊन बारा किलोमीटर. महिन्यातून एखादी डबवालीची फेरी. रेडिएटर मूळचाच, दोनदा झाळून घेतलाय. ब्रेकचं काही केलं नाही, लायनर वेळेवर बदलतो.

पाना-सतरा | ११ जानेवारी

मग तुमचं उत्तर तुम्हीच दिलंत.

भटिंड्याला घाट नाही, चढ नाही. पूल चढला तोच डोंगर. तिथं जुना रेडिएटर टर्बोला पुरतो, कारण इंजिनाला जोर लावायची पाळीच येत नाही. ताईंनी सांगितलेला कन्नडचा चढ मार्चच्या दुपारी, पुढं एसटी, तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये, हौदा जाड पत्र्याचा. काटा लाल रेघ बघून येईल. हेड गॅसकेट गेलं तर तिथं रस्त्यावर कोण बसवणार? आणि टायर मोठे झाले म्हणजे तेवढ्याच ब्रेकला जास्त ओढावं लागतं, मीटरही कमी वेग दाखवतो. तुम्ही साठ समजता तेव्हा गाडी पासष्ट-सत्तरला असते.

तरी हौस असेल तर आधी परीक्षा घ्या. हौद्यात पाचशे किलो वाळूची पोती टाका, हिसारपर्यंत न थांबता जा, आणि उतरल्या-उतरल्या चारी चाकांच्या मधल्या डब्याला हाताची उलटी बाजू लावून बघा. हात ठेवता आला पाहिजे. एका चाकाला चटका बसला तर तिथं बेअरिंग नाहीतर ब्रेक धरतोय. मग जॉइंट क्रॉस बघा, हौज पाइप दाबून बघा. कडक होऊन कडेला भेगा पडलेला पाइप शहरात दोन वर्षं काढतो, हायवेवर दोन तास. रबर तेवढं सगळं बदला: पाइप, पट्टा, ब्रेकच्या नळ्या, सिलिंडरच्या वाट्या. ही गाडी इंजिनामुळं नाही थांबणार, वीस रुपयांच्या रबरामुळं थांबेल.

शिरस्तेदार | ११ जानेवारी

तुमची चर्चा वाचून राहवलं नाही. परिवहन खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो. रेडिएटरचं नंतर बघा, आधी गाडीचं आरसी बुक उघडा आणि त्यात इंजिन नंबर कोणता आहे ते वाचा.

२००८ ला इंजिन बदललंत. नोंद केली होती का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीनं करायचा आणि १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचा. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार चालणार नाही. आता यातून पुढं काय होतं ते क्रमानं सांगतो.

महाराष्ट्रात कायम आणायची तर तिकडच्या कार्यालयाकडून नमुना २८ वर ना हरकत घ्यावी लागते. त्याला चेसी नंबरचा पेन्सिल ठसा लागतो. इथं आल्यावर गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर कलम ४७ प्रमाणे नवा नंबर घ्यायचा, त्या वेळी गाडी निरीक्षकासमोर उभी राहते. बॉनेट उघडलं, नंबर जुळला नाही, की गाडी तिथंच अडकली. ना इकडची ना तिकडची. वाटेत अपघात झाला तर विमावाल्यांना पैसे नाकारायला हेच एक कारण पुरतं. कंटेनरमधून पाठवलीत तरी त्या कंपनीचा विमा बुकातल्या वर्णनावरच काढलेला असतो.

पुढचा लोखंडी बंपर आजच काढा. डिसेंबर २०१७ पासून केंद्राची त्यावर बंदी आहे.

आणि गुडगावच्या आवाराबद्दल. दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरची डिझेल गाडी चालत नाही. हरित लवादाचा आदेश २०१५ चा, सुप्रीम कोर्टानं तो २०१८ मध्ये कायम केला. नंतर त्यावर बरंच वर-खाली झालंय, पण १९९५ च्या गाडीनं त्या भरवशावर राहू नये. एका कंटेनरमधून उतरवून दुसऱ्यापर्यंत त्यांचा माणूस गाडी रस्त्यावरून नेणार असेल, आणि पकडली गेली, तर नाव तुमचंच निघणार. हा प्रश्न त्यांना लेखी विचारा.

बुकाची मुदत कधी संपते तेही बघा. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या चारचाकीचं नूतनीकरण १०,००० रुपये झालंय.

मूस-चिमटा | १२ जानेवारी

शिरस्तेदार साहेब, काल रात्री झोप लागली नाही.

नूतनीकरण गेल्या वर्षी मे महिन्यात झालंय, २०३० पर्यंत आहे. इंजिनाची नोंद केलेली नाही. खरं सांगायचं तर नोंद करायची असते हेच ठाऊक नव्हतं. आत्ता बुक काढून बघितलं, त्यात जुनाच नंबर आहे. ज्या सिएराचं इंजिन आलं तिची कागदं मिस्त्रीकडं नव्हती, आणि तो मिस्त्री आता हयात नाही. नोंद करायला बिल मागतील ते कुठून आणू?

पाना-सतरा | १२ जानेवारी

जुनं इंजिन कुठाय?

मूस-चिमटा | १२ जानेवारी

आहे की! भट्टीच्या मागच्या खोलीत. कारागीर त्याच्यावर बसून भाकरी खातात. वर पोतं टाकलंय. सतरा-अठरा वर्षं हललेलं नाही. विकायचं जिवावर आलं होतं तेव्हा.

शिरस्तेदार | १२ जानेवारी

मग नोंदीचा प्रश्नच मिटला. बुकात आहे ते इंजिन गाडीत घाला.

पाना-सतरा | १३ जानेवारी

साहेबांनी एका ओळीत सांगितलं, कामं मात्र महिनाभराची आहेत. थेट स्टार्टर मारू नका, रिंगा लायनरला चिकटल्या असतील, तुटतील. नोझल आणि हीटर प्लग काढा, त्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरात डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं ओता, आठ दिवस विसरून जा. मग पुढच्या मोठ्या बोल्टाला पाना लावून हातानं फिरवायचा प्रयत्न करा. पाव इंच हलला तरी जिंकलात. पुढं-मागं, पुढं-मागं. पंप आणि नोझल मात्र सरळ पंपवाल्याकडं, आतली रबरं सुकून बिस्किट झालेली असतात.

आणि जे इंजिन अठरा वर्षांनी उठणार आहे त्याला लगेच दोन हजार किलोमीटर पळवायचं नाही. म्हणजे चालवत यायचा विषय संपला. माझं मत विचाराल तर बरंच झालं.

तासगाव-बाराचाकी | १४ जानेवारी

तात्या, मी एवढा वेळ वाचतच होतो. आमच्या दोन गाड्या बेदाणा घेऊन लुधियाना-अमृतसरला जातात. येताना कधी होजिअरी, कधी सायकलचे सुटे भाग, कधी तांदूळ. रिकामं यायला कुणालाच परवडत नाही. तुमची गाडी सोळा फुटी, माझा हौदा चोवीस फुटी. उरलेल्या आठ फुटांत मी दुसरा माल घेईन. तुमचे २४ हजार, भटिंडा ते विटा, मधे कुठं उतरवाउतरवी नाही.

आता मी ट्रान्सपोर्टवाला असून सांगतो, ते नीट ऐका. बिल्टीच्या, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीच्या, मागं बारीक अक्षरात "मालकाच्या जोखमीवर" छापलेलं असतं. कायद्यानं, म्हणजे २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याखालच्या नियमांनी, माल खराब झाला तर वाहतूकदारानं द्यायचे ते जास्तीत जास्त भाड्याच्या दहापट. जास्त किंमत आधी लिहून, जास्त दर भरून माल दिला असेल तरच त्याच्या वर. तेव्हा गाडीची किंमत बिल्टीवर लिहून घ्या, माझ्याकडूनसुद्धा. दावा लावायची वेळ आलीच तर त्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत. ई-वे बिल, म्हणजे माल नेताना काढायचा जीएसटीचा कागद, वापरलेल्या घरगुती सामानाला लागत नाही, पण बिल्टीवर "स्वतःची वापरलेली गाडी, विक्रीसाठी नाही" असं लिहा, बुकाची प्रत जोडा. नाक्यावरचा साहेब वाद घालायला लागला की तोंडापेक्षा कागद बरा.

तयारी अशी करा. टपावरचं करिअर काढा. माझ्या हौद्याचा तळ चार-साडेचार फुटांवर, तुमची गाडी सहा फूट, वर करिअर राहिलं तर साडेअकरा फूट होतात. गावातल्या लोंबत्या तारा तुम्ही बघितल्यात. टाकीत पाच लिटरपेक्षा जास्त डिझेल नको. बॅटरीची वायर सोडा. आरसे दुमडतात का? नसतील दुमडत तर काढून आत ठेवा. पट्टे मी आणीन, ते चाकांना आणि ॲक्सलला आवळायचे, बॉडीला नाही. बॉडीला आवळले की प्रत्येक खड्ड्याला गाडी पाट्यांवर उसळते आणि पट्टा सैल पडतो. चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे. आणि चारी बाजूंनी, वरून, आतून फोटो, चढवायच्या आधी आणि उतरवल्यावर, आमच्या ड्रायव्हरसमोर.

चढवायला धक्का, म्हणजे हौद्याच्या उंचीचा ओटा, लागेल, तो दाणामंडीत बघा.

ऊसपाचट | १४ जानेवारी

विका म्हटलं होतं ते मागं घेतो. पण अठरा वर्षं ज्यावर बसून भाकरी खाल्ली ते इंजिन चालू झालं तर मला व्हिडिओ पाहिजे.

मूस-चिमटा | २२ फेब्रुवारी

उशीर झाला, माफी. दुकान आवरणं आणि गाडी, दोन्ही एकदम.

इंजिन बाहेर काढलं तेव्हा एका कारागिरानं विचारलं, आता बसायचं कुठं. त्याला स्टूल घेऊन दिलं.

पाना-सतरा यांनी सांगितलं तसं डिझेल-ऑइल ओतून ठेवलं. नवव्या दिवशी बोल्टाला पाना लावला, पान्याला तीन फुटी पाइप जोडला, आणि मी आणि मिस्त्री दोघं लोंबकळलो. काही नाही. पुन्हा ओतलं. चौदाव्या दिवशी "कट्" असा आवाज आला. मला वाटलं बोल्ट तुटला. मिस्त्री म्हणाला, "हिल्ल गया जी." बोटभर हललं होतं. नोझलच्या भोकातून गंजाचा लालसर गाळ वर आला, पानाच्या पिंकेसारखा. त्यानंतर रोज संध्याकाळी थोडं थोडं फिरवत चार दिवसांत पूर्ण फेरा झाला. पंप आणि नोझलचे साडेनऊ हजार गेले, गॅसकेटचा संच शोधायला लुधियानाला जावं लागलं.

सोमवारी चालू झालं. धूर एवढा की शेजारचा मिठाईवाला बाहेर आला. दहा मिनिटांनी धूर पातळ झाला. आवाज मात्र ओळखीचा. टर्बोची शीळ नाही, नुसता खडखडाट, २००४ ला गाडी घेतली तेव्हाचा. ऊसपाचट, व्हिडिओ काढलाय, त्यात धुरापलीकडं काही दिसत नाही.

बंपर काढला. करिअर काढलं. जादा पाटे तसेच आहेत, तेवढं शिरस्तेदार साहेबांनी वाचलं नाही असं समजा. ना हरकतीचा अर्ज सांगलीच्या नावानं दिलाय. पेन्सिल ठसा घ्यायला चेसी घासली तर नंबरावर अर्धा इंच ग्रीस निघालं. इंजिनाचा नंबर आणि बुकातला नंबर मी स्वतः तीनदा ताडून बघितला. चौथ्यांदा आमच्या मंडळींनी.

शिरस्तेदार | २२ फेब्रुवारी

वाचलं. उतरवल्यावर काढा.

मूस-चिमटा | २१ मार्च

मंडळी, पोचलो.

ना हरकत पंधरा दिवसांत हातात आली. तासगावची गाडी ११ तारखेला भटिंड्यात लागली. दाणामंडीत गव्हाचा हंगाम अजून लांब, म्हणून धक्का रिकामा मिळाला. ट्रक मागं घेतला, धक्का आणि हौदा यांच्यात वीतभर फट राहिली, तिच्यावर दोन फळ्या टाकल्या. पुढची चाकं गेली. मागची चाकं फळीवर आली आणि फळी वाकली. एवढ्या वर्षांत मूस फुटून चांदी जमिनीवर सांडली तेव्हासुद्धा माझ्या पोटात असं झालं नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, "काका, थांबू नका, दाबा." दाबलं.

टर्बो इंजिन सुतळीनं बांधून माझ्याच गाडीच्या हौद्यात ठेवलं, बिल्टीवर "जुने सुटे भाग". बिल्टीवर किंमत लिहिली, एक लाख दहा हजार. तासगाववाल्यांनी भुवई वर केली पण सही केली.

आणि मीही ट्रकनंच आलो. केबिनमध्ये तिसरी जागा होती. आमच्या मंडळी खरंच रेल्वेनं गेल्या. चार रात्री, पाच दिवस. ड्रायव्हर दर ढाब्यावर चहा सांगायचा आणि मी हौद्यात चढून पट्टे बघायचो. जयपूरपर्यंत त्याला हसू यायचं. कोट्याच्या पुढं दऱ्याच्या नाळेत अडीच तास उभे राहिलो, तेव्हा तो स्वतः वर चढून एक पट्टा आवळून आला. बिजासन उतरताना ताईंनी लिहिलेला वास आला, आमच्याच ब्रेकचा होता. इंदूरला रात्री दोन वाजता बायपासवरून गेलो, त्यामुळं पोहे राहिले.

कन्नडवरून आलो नाही. औट्रम घाटात २०२३ पासून जड वाहनांना बंदी आहे, म्हणून धुळ्याहून मालेगाव, मनमाड, अहिल्यानगर, मग फलटण, दहिवडी, मायणी. डावा आरसा काढायचा राहिला होता तो मायणीच्या अलीकडं बाभळीच्या फांदीनं नेला. बाकी एक ओरखडा नाही. आरशाचे पैसे मी मागितले नाहीत, चूक माझी.

आमच्या गावात धक्का कुठला? टेंभू पाणी योजनेच्या पाटाचं काम झालं तेव्हाचा मातीचा ढीग रस्त्याच्या कडेला आहे, त्याला ट्रक टेकवला. मी गाव सोडलं तेव्हा त्या जागी कुसळं होती. आता पलीकडं ऊस उभाय. बॅटरीची वायर जोडली, हीटर दोनदा दिला, तिसऱ्या फेऱ्याला गाडी लागली. भाऊ काठी टेकत आला होता, त्यानं फाळका उघडायला हात घातला आणि कंबर धरून बसला. त्याला सांगायचं राहूनच गेलं.

एकूण खर्च: ट्रक २४,०००, इंजिनाचं सगळं मिळून ३१,४००, आरसा ६५०. चालवत आलो असतो तर स्वस्त पडलं असतं का, हे पाना-सतरांना विचारू नका, ते रेडिएटरवर येतील.

शिरस्तेदार, पुढच्या आठवड्यात सांगलीला गाडी दाखवायला न्यायचीय. पाटे उद्या काढतो.

टर्बो इंजिन हौद्यातून उतरवायला चौघं लागले. गोठ्यात ठेवलंय, वर तेच पोतं. भावकीतला एकजण विहिरीवर बसवायला मागतोय. अजून हो म्हटलेलं नाही.